रात्री अडीचची भूक आणि चार लाडवांचा हिशेब

पत्र

ताई, मी ३१ वर्षांची आहे, नागपुरात मानेवाड्याला राहते. सिझरिनला चार महिने झाले. मुलगी पूर्ण अंगावरच पिते, वरचं काहीच नाही. गरोदरपणात माझं वजन ५६ वरून ७२ वर गेलं होतं. बाळंतपणानंतर ६५ वर आलं आणि तिथेच अडकलं, या महिन्यात तर ६६ भरलं. सासूबाई सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन डिंकाचे लाडू देतात, रात्री दुधात तूप. नाही म्हटलं की "दूध आटलं तर?" जाऊबाईंनी कीटो करून बारा किलो कमी केले, म्हणून मीही पोळी-भात सोडला, रात्रीचं जेवण बंद केलं. लाडू मात्र चालूच आहेत, ते सोडायची हिंमत नाही. आठवड्यातच डोकं गरगरायला लागलं. छाती पहिल्यासारखी भरून येत नाही, दूध कमी झालंय असं वाटतं. आणि रात्री अडीच-तीनला पाजून झालं की अशी भूक लागते की स्वयंपाकघरात लाइट न लावता उभ्या उभ्या बिस्किटांचा पुडा संपवते. मग रडू येतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग नको खाऊस ना." दोन महिन्यांनी मिहानमध्ये ऑफिसला जायचंय, जुना एकही ड्रेस होत नाही. मी खाऊ की नको खाऊ?
— एक आई, मानेवाडा

उत्तर

खा. आज रात्री नीट बसून जेव, बाकीचं त्यानंतर बोलू.

आधी त्या कीटोचं. तुझ्या जाऊबाईंचं मूल तेव्हा अंगावर पीत होतं का, हे तू लिहिलं नाहीस. माझा अंदाज आहे की नसावं. आईच्या दुधात साखर असते, लॅक्टोज नावाची. चार महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं, म्हणजे तुझं शरीर रोज पन्नासेक ग्रॅम लॅक्टोज तयार करून बाहेर देतं. त्यासाठी लागणारं ग्लुकोज मुख्यतः पोळी, भात, भाकर, फळं यांतूनच येतं. तेच बंद केलं आणि वर जेवणही टाळलं, तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढत जातात. पाजणाऱ्या बायकांना असं कडक डाएट करताना उलट्या, धाप आणि कमालीचा थकवा येऊन थेट दवाखान्यात भरती करावं लागल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या फार नाहीत, पण आहेत. तुझं डोकं नुसतं गरगरण्यावर निभावलं, कारण गुळाचे चार लाडू पोटात जात होते. सासूबाईंनी तुझं कीटो होऊच दिलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मान. पोळी-भात सुरू केल्यावरही गरगरणं राहिलं किंवा उलट्या, धाप असं काही झालं, तर पत्र लिहीत बसू नकोस, तडक डॉक्टरांकडे जा.

आता भुकेचं. तुला वाटतंय की जिभेचा ताबा सुटलाय. शंभर मिली दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. पाऊण लिटरच्या झाल्या पाचशे, आणि ते दूध बनवायला शरीराला वेगळी शक्ती खर्च करावी लागते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणूनच पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्त सांगते, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. सहाशे म्हणजे किती? ज्वारीच्या दोन भाकरी, घट्ट वरणाची वाटी, एखादी उसळ, वाटीभर दही आणि वर चमचाभर तूप. एक जास्तीचं जेवण. म्हणजे "दोघांचं खा" हेही खोटं, आणि तुझं "एक जेवण कमी" हे तर पूर्ण उलटं. त्यात प्रोलॅक्टिन हे हार्मोन, जे दूध बनवतं तेच, भूकही वाढवतं. झोप तुटली की भुकेचं घ्रेलिन चढतं आणि "पोट भरलं" सांगणारं लेप्टिन उतरतं. अडीचला लागणारी तुझी भूक रात्री न जेवलेल्या, दोनदा उठलेल्या, पाजणाऱ्या बाईची आहे. ती लागली नसती तरच मला काळजी वाटली असती.

मग वजन का उतरत नाही? तुझं पत्र मी कागदावर मांडून बघितलं. मुठीत वळलेला, खारीक-खोबरं-गोडंबी घातलेला, तुपातला डिंकाचा लाडू ४० ग्रॅमचा धरला तर १८० ते २०० कॅलरी. असे चार म्हणजे सातशे वीस ते आठशे. सहाशेचा अख्खा कोटा लाडवांनीच भरून वर सांडला. रात्रीच्या दुधातलं तूप चहाच्या चमच्याने असेल तर ४५, जेवणाच्या मोठ्या चमच्याने असेल तर सव्वाशेच्या पुढे. आणि अंधारात संपणारा बिस्किटांचा पुडा शंभर ग्रॅमचा असेल तर ४५० च्या घरात. तू पाचशे-सहाशेचं जेवण सोडलंस आणि जागा भरली गूळ, तूप, मैदा आणि साखरेनं. भाजी गेली, डाळ गेली, दही गेलं, म्हणजे पोट भरलेलं ठेवणारं जे जे होतं ते सगळं गेलं. सासूबाई लाडू देतात यात चूक नाही आणि तू बिस्किटं खातेस यातही नाही. मधलं जेवण गायब आहे, तिथे घोळ आहे.

लाडवांबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्याकडे ते सोडता येत नाहीत आणि सोडायचं कारणही नाही. डिंक, मेथी, सुंठ, गोडंबी हा खुराक सव्वा महिन्याचा. बाळंतीण खाटेवर, अंगातून रक्त गेलेलं, आणि पूर्वी तर ती आधीच हडकुळी असायची. तिच्यासाठी एवढ्याशा घासात एवढी शक्ती म्हणजे औषधच होतं. तू पाचव्या महिन्यात आहेस, आणि बाहेर पारा ४४ ला टेकलाय. दूध लाडवांनी येत नाही, बाळ ओढतं त्याने येतं. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवीन बनतं. आई काय खाते त्याने दुधातल्या चरबीचा प्रकार थोडा बदलतो, पण तुपाने दूध वाढत नाही. त्यामुळे जवसाची चटणी ताटात असली तर तिचा उपयोग चौथ्या लाडवापेक्षा जास्त.

पण हे सगळं सासूबाईंना असं सांगायला जाऊ नकोस. चार महिने मांडी घालून लाडू वळणाऱ्या बाईला कॅलरी शिकवल्या की घरात अबोला धरला जातो, आणि तो तुला परवडणार नाही. त्यांना काम बदलून दे. "आई, मला रात्री अडीचला फार भूक लागते, लाडू तेव्हासाठी ठेवून देता का? दिवसा मला उसळ जास्त लागते." एक लाडू रात्री, अर्धा सकाळी. चाराचा दीड झाला, बिस्किटं आपोआप सुटली, आणि लाडू त्यांचाच राहिला. उसळ भिजवून, मोड आणून, फोडणी घालायचं कामही बहुधा त्याच अंगावर घेतील. खायला घालण्यातच त्यांना आनंद आहे, मग खायला घालू दे.

दूध कमी झालंय का? छाती पहिल्यासारखी दगड होत नाही, हे चौथ्या महिन्यात होतंच. दीड-दोन महिन्यांनंतर शरीराला बाळाचा अंदाज येतो, साठा करून ठेवण्याऐवजी मागणीप्रमाणे बनवतं, म्हणून छाती मऊ लागते. दुधाचा अंदाज छातीवरून नाही, बाळावरून घ्यायचा. दिवसातून सहा-सात वेळा नीट लघवी, रंग फिका, आणि माता-बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेघ वर जाणारी. साडेतीन महिन्यांच्या लसीला वजन केलं असेलच. महिनाभरानं पुन्हा करून घे. रेघ आडवी झाली असेल तर मुलीला लगेच डॉक्टरांना दाखव. आणि एक गोष्ट मी दर उन्हाळ्यात लिहिते, यंदाही लिहिते: नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, असला, कूलरही गरम हवा फेकत असला, तरी सहा महिन्यांआतल्या अंगावरच्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही. चमचाभरसुद्धा नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. गरमीत बाळ जास्त वेळा मागेल, तेवढ्या वेळा पाज.

पाणी प्यायचं ते तू. पाजायला बसलं की घशाला कोरड पडते, ती दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे. "बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं" असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. पाजायच्या जागी पेला भरून ठेव. मात्र तहानेपलीकडे तांबे रिचवून दूध वाढतं, हेही खरं नाही. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय एवढं समज. दुपारी चारची "भूक" कधी कधी तहानही असू शकते. आधी ग्लासभर ताक पी, मग बघ.

खायचं काय, हे विचारशील. मी तुला तक्ता देत नाही, तान्ह्या पोरीच्या घरात तक्ते पाळले जात नाहीत. एवढं बघ की दर वेळी तोंडात काही गेलं तर त्यात डाळ, दाणे, दही, दूध, अंडं यांपैकी काहीतरी असलंच पाहिजे. तुला प्रथिनं रोज साठ-पासष्ट ग्रॅम लागतात. घट्ट वरणाची वाटी सातेक ग्रॅम देते, एक अंडं सहा, मूठभर फुटाणे सहा-सात, मूठभर फल्लीदाणे सात-आठ. नुसत्या पोह्यांनी दोन तासांत पुन्हा भूक लागते, पण आपल्या नागपूरची चनापोह्याची पद्धत याबाबतीत शहाणी आहे. घरी चण्याची तर्री कर, तेलाचा तवंग न आणता, आणि पोह्यांपेक्षा चणे जास्त वाढून घे. दुपारी भाकर किंवा पोळी, वरण, बरबटीची (चवळीची) नाहीतर मुगाची उसळ, भेदऱ्याची (टोमॅटोची) कोशिंबीर सांबार (कोथिंबीर) पेरून, दही. भात खा, वाटीभर खा, त्याने कोणाचं काही बिघडलेलं नाही. आंब्याचे दिवस आहेत. एक आंबा चिरून खा, रसाच्या तीन वाट्या आणि पाच पुऱ्या मात्र नकोत. रात्री आठ-साडेआठला जेवण, आणि हे जेवण टाळायचं नाही. उपवास करत असशील तर सध्या सोड. सोडवत नसेल तर साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढू नकोस, भगर, दाण्याची आमटी, दही, राजगिरा, दूध असा कर.

"वातूळ" म्हणून हरभरा, वांगं, डाळी बंद केल्या असतील तर उघड. सगळ्याच बाळांना त्याने पोटात दुखत नाही. एखादी गोष्ट खाल्ली की तुझीच मुलगी दर वेळी कळवळते असं दिसलं, तर तेवढीच थांबव.

रात्रीचं मी तुला हातात धरून सांगते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. झोपण्याआधी खाटेजवळच्या स्टुलावर एक छोटा स्टीलचा डबा ठेवायचा. त्यात फुटाणे आणि फल्लीदाणे मिळून मूठभर, दोन खारका आणि सासूबाईंचा तो एक लाडू. बाजूला थर्मासात कपभर दूध, साखर न घालता, आणि पाण्याची बाटली. पोरगी पिता पिताच एका हाताने खायला सुरुवात कर. स्वयंपाकघरात जायचंच नाही, अंधारात उभं राहायचंच नाही. खाटेवर बसून, दिवा लावून खा. बिस्किटांचा पुडा किराण्याच्या यादीतूनच काढ. पाहुण्यांसाठी लागतोच म्हणाले तर छोटा आणा म्हणावं.

तुझ्या नवऱ्याच्या "मग नको खाऊस ना" वर माझं एकच म्हणणं आहे: पहाटे पाचचं पाजून झालं की पोरीला घेऊन त्यांनी हॉलमध्ये जायचं, आठपर्यंत. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, फिरवणं सगळं त्यांचं. मध्येच खरंच भुकेली झाली तर आणून द्यायची, नाहीतर नाही. तुला सलग तीन तास झोप मिळाली तर दिवसभराच्या भुकेत फरक पडेल. "कमी खा" म्हणणं फुकट असतं, त्यांना जरा महागातली मदत करू दे.

वजनाचं. तुझे ७२ चे ६५ झाले त्यात बाळ, वार, गर्भजल आणि अंगावरची सूज गेली. राहिलेलं नऊ-दहा किलो बरंचसं पाजण्यासाठी शरीराने साठवून ठेवलेलं आहे आणि ते सावकाश सुटतं. काही बायका पाजतानाच बारीक होतात, काहींचं शरीर पाजणं कमी होईपर्यंत शेवटचे तीन-चार किलो सोडत नाही. आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर उतरवायची घाई नको, आणि दिवसाला अठराशे कॅलरींच्या खाली तर अजिबात नको. महिन्याला एक-दीड किलो गेलं तरी दिवाळीपर्यंत तुला आरशात फरक दिसेल. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभी राहा, सकाळी. या काळात कोणी ना कोणी पावडर, "फॅट बर्नर" चहा किंवा वजनाचं इंजेक्शन सुचवेलच. पाजत असताना यातलं काहीही घ्यायचं नाही. पोटाचा पट्टा आधार देतो, चरबी वितळवत नाही. चालायला उन्हाआधी, सहाच्या सुमारास, गल्लीतच जा, पाजून मग जा म्हणजे छाती जड लागत नाही. बेताच्या व्यायामाने दूध खराब होत नाही. पोटाचे व्यायाम, सिट-अप वगैरे, डॉक्टरांना टाके आणि पोटाचे स्नायू फाकलेत का ते दाखवल्याशिवाय करू नकोस.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा दोन तपासण्या माग: हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच. बाळंतपणानंतर काहींचा थायरॉइड वर्षभरात वरखाली होतो आणि अडकलेलं वजन, थकवा, उदासपणा हे सगळं त्याचंही असू शकतं. खासगीत नको असेल तर डागा किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यात जा. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे तू लिहिलं नाहीस. वाढली असेल आणि नंतर ग्लुकोज पिऊन तपासणी झाली नसेल, तर तीही करून घे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात, दोन्ही एकदम नाही, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही. केस गळायला लागले असतील तर घाबरू नकोस, ते या महिन्यांत गळतातच.

आणि ते रडू. एखाद दिवस खाऊन रडू आलं तर झोपेचा मार म्हणता येतं. पण लपून खाणं, मग स्वतःची किळस वाटणं, पोरीकडे बघूनही आनंद न होणं, हे दोन आठवडे रोज चालू असेल तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार असतात, पाजताना चालणारी औषधंही असतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर एक क्षणही एकटी राहू नकोस, घरातल्या कोणाला तरी उठव.

ऑफिसचं थोडक्यात. सीताबर्डीला जाऊन आत्ताच्या मापाचे दोन-तीन कुर्ते घेऊन टाक, पुढून बटणांचे, म्हणजे पंपिंगला सोपं पडेल. जुने ड्रेस कपाटाच्या वरच्या खणात टाक, रोज उघडून बघू नकोस. कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सवलत आहे, ती रुजू व्हायच्या आधीच एचआरकडे लेखी माग. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाहेर चार तास म्हणतात ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत, आपल्याकडच्या खोलीत नव्हे. ऑफिसात फ्रिज नसेल तर बर्फाची पिशवी आणि थर्मल डबा लागेल.

तोवर पोरगी सहा महिन्यांची होईल, वरचं खाणं सुरू होईल. तिचं दूध हळूहळू कमी होत जाईल, पण तुझ्या हाताला मात्र जास्तीच्या जेवणाची सवय लागलेली असेल. तेव्हा आधी रात्रीचा लाडू बंद कर, मग दुपारची एक भाकर कमी कर, दर महिन्याला थोडं थोडं. तिच्या वाटीत उरलेली खिचडी पुसून खायची नाही. तीन घास वाया गेले तर जाऊ दे.